विद्यार्थी अभियंते आणि गावचे पाणी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी दूरच्या गावी जाऊन नळयोजना, साकव किंवा सौरदिवे उभारून द्यावेत ही कल्पना आज सर्वपरिचित असली, तरी तिला संघटित रूप विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळू लागले. फ्रान्समध्ये १९८२ साली ‘सीमारहित अभियंते’ अशा अर्थाच्या नावाची संघटना निघाली. कॅनडात २००० साली जॉर्ज रॉटर आणि पार्कर मिचेल या वॉटर्लू विद्यापीठाच्या पदवीधरांनी त्याच धर्तीची संघटना स्थापन केली.

अमेरिकेतील संघटनेचा उगम मात्र एका गावाच्या पाणीप्रश्नात आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे बर्नार्ड अमाडेई २००० साली मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातल्या सान पाब्लो या माया वस्तीत गेले असता, तेथील लहान मुलींना दिवसभर पाणी वाहावे लागत असल्याने त्या शाळेत जाऊ शकत नाहीत, असे त्यांना आढळले. मे २००१ मध्ये ते आठ विद्यार्थ्यांसह परतले आणि जवळच्या धबधब्याच्या जोरावर, वीज वा इंधन न लागता चालणारी पाणीयोजना त्यांनी उभी केली. पुढच्याच वर्षी संघटनेची रीतसर स्थापना झाली. वाहत्या पाण्याच्या बळावरच पाणी चढवण्याचे तंत्र तसे जुनेच होते. हायड्रॅम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय : नळीतून वेगाने उतरणारे पाणी झडप एकाएकी मिटताच अडते, त्या धक्क्याने दाब वाढतो आणि थोडे पाणी उंचावर ढकलले जाते, तर बाकीचे वाहून जाते. हा पंप जोसेफ माँगोल्फिए या फ्रेंच संशोधकाने १७९६ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई असतानाच, सिद्ध केला होता.

अवघड भाग तंत्राचा नव्हताच. विद्यार्थ्यांची तुकडी दर काही वर्षांनी बदलते, सत्राच्या वेळापत्रकाचा गावच्या पावसाळ्याशी मेळ बसत नाही, आणि वायसर झिजला तर नवा कोणी, कोणाच्या पैशाने आणायचा हे ठरलेले नसले की चांगली योजनाही बंद पडते. कॅनडातील संघटनेने २००८ पासून आपल्याच फसलेल्या कामांचा वार्षिक अहवाल छापण्यास आरंभ केला. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने असे करणे धाडसाचेच म्हणावे लागेल. अमेरिकी संघटनेनेही पुढे एकाच गावाशी अनेक वर्षांची बांधिलकी ठेवण्याचा दंडक घातला.

महाराष्ट्रात या विचाराने वेगळी वाट धरली. मुंबईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र स्थापन झाले आणि २००७ मध्ये तेथे ‘तंत्रज्ञान व विकास’ या विषयाचा एम.टेक. अभ्यासक्रम सुरू झाला. येथे स्वयंसेवेपेक्षा अभ्यासावर भर होता, आणि तोच अधिक टिकाऊ ठरला असे म्हणण्यास जागा आहे. कारण क्षेत्रकार्याला गुण मिळत असल्याने ते कोणाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही. पावसाळ्यात चिंब भिजूनही उन्हाळ्यात टंचाई सोसणाऱ्या उत्तर कर्जतच्या वाड्यापाड्यांसाठी प्रादेशिक नळयोजना कशी आखता येईल, याचा अभ्यास येथील विद्यार्थ्यांनी केला. अशा कामात विद्यार्थ्याच्या हाती पान्यापेक्षा वहीच अधिक असते : विहीर कोणत्या महिन्यात आटते, पंप किती तास चालतो, वीजबिल कोण भरते, पाणीपट्टी किती वसूल होते, याच्या नोंदी त्याला घ्याव्या लागतात. २०१६ साली राज्य शासनाच्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने ही पद्धत इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेण्याचा प्रयत्न सुरू केला.