धोत्रा : औषधी उपयोग आणि शेतातील धोका

धुळ्याच्या देवपूर भागात उकिरड्यावर, बांधावर, पडीक जागेत धोत्रा दिसतो. महादेवाला वाहतात तेच हे काटेरी फळ. दम्यासाठी वाळलेल्या पानांची धुरी आणि सुजलेल्या सांध्यावर गरम पानांचा शेक हे त्याचे जुने उपयोग. होमिओपॅथीतील 'स्ट्रामोनियम' धोत्र्याच्याच एका जातीपासून बनते. पण ते अतिशय विरल करून देतात. त्यावरून घरच्या काढ्याचा अंदाज बांधू नये.

सर्व भागांत, विशेषतः बियांत, अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामिन ही विषारी द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते, त्यामुळे 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही. तोंड कोरडे पडणे, बाहुल्या मोठ्या होणे, बरळणे दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

आम्हा शेतीवाल्यांना जास्त काळजी सोयाबीन, बाजरी आणि चारा मक्याची. फुलोऱ्यापूर्वीच झाडे हातमोजे घालून उपटावीत. चिकाचा हात डोळ्याला लागला तरी बाहुली विस्फारते. फळे धरली असतील तर ती तडकण्याआधी गोळा करून शेताबाहेर न्यावीत. बी मिरचीच्या बियांसारखे चपटे असते, मळणीनंतर धान्य नीट चाळावे. मुरघासाच्या कुट्टीत धोत्रा जाऊ देऊ नये. मुरल्यावर विष उतरेल, या भरवशावर जनावरांना घालू नका.