लिनक्सच्या ‘एक्स्ट’ फाइल सिस्टीमची वाटचाल

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी फाइल सिस्टीम अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मिनिक्सचीच वापरली. तिच्यात एक विभाग ६४ मेगाबाइटपेक्षा मोठा चालत नसे आणि फाइलचे नाव १४ अक्षरांत बसवावे लागे.

नव्या फाइल सिस्टीमला कर्नलमध्ये आधी जागा हवी होती. ती व्हीएफएस या मधल्या थराने करून दिली. ख्रिस प्रोव्हेन्झानो यांनी मुळात लिहिलेला हा थर पुढे टॉरवाल्ड्स यांनी नव्याने बांधला. कर्नलने फाइल मागायची. ती डिस्कवर कुठे आहे, हे ज्या त्या फाइल सिस्टीमने पाहायचे, अशी ही विभागणी. एप्रिल १९९२ मध्ये याच थराच्या आधारे रेमी कार्ड यांची ‘एक्स्ट’ ही फाइल सिस्टीम उभी राहिली. विभाग २ गिगाबाइटपर्यंत, तर नाव २५५ अक्षरांपर्यंत गेले. मात्र रिकाम्या ब्लॉकांची साखळी वापरागणिक विस्कटे आणि फाइली विखुरत.

ही उणीव ओळखून कार्ड यांनी थिओडोर त्सो व स्टीफन ट्वीडी यांच्यासह ‘एक्स्ट२’ घडवली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये आली. सुरुवातीला फ्रँक झिया यांची ‘झिया’ अधिक स्थिर होती. परंतु एक्स्ट२ च्या रचनेत पुढच्या वाढीसाठी जागा राखून ठेवलेली होती, आणि कालांतराने तीच टिकली.

मात्र अचानक वीज गेली, की एक्स्ट२ ची संपूर्ण डिस्क तपासत बसावे लागे. त्यावर ट्वीडी यांनी जर्नलचा उपाय आणला: बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये, मग प्रत्यक्ष जागी. नोव्हेंबर २००१ मध्ये ‘एक्स्ट३’ कर्नल २.४.१५ मध्ये दाखल झाली. जुन्या एक्स्ट२ डिस्कवरील माहिती न हलवता तिच्यात जर्नल जोडता येत होते.

२००६ मध्ये विस्ताराचा प्रस्ताव आला, तेव्हा स्थिर एक्स्ट३ ला धक्का नको, असा आग्रह इतर विकासकांनी धरला. म्हणून वेगळी शाखा निघाली. अॅलेक्स टोमस, अँड्रियास डिल्गर, मिंगमिंग काओ अशा अनेकांच्या श्रमांतून घडलेली ‘एक्स्ट४’ डिसेंबर २००८ मध्ये स्थिर ठरली. सलग ब्लॉकांची एकत्र नोंद ठेवणारी ही रचना एक एक्झाबाइटपर्यंत पोहोचली. २००९ मध्ये, डेटा उशिरा लिहिण्याच्या तिच्या पद्धतीमुळे, यंत्र मध्येच बंद पडल्यावर काही फाइली रिकाम्या आढळल्या. तेव्हा कर्नलमध्ये दुरुस्ती झाली.

२०१५ मध्ये एक्स्ट३ चा स्वतंत्र कोड कर्नलमधून निवृत्त झाला. तिच्या डिस्क मात्र बाद झाल्या नाहीत. एक्स्ट२ आणि एक्स्ट३ या दोन्ही पिढ्यांच्या डिस्क आज एक्स्ट४ चा कोड उघडू शकतो.