फायनल दोन अंगणांची

हदगावच्या मैदानावर खो-खो खेळलेल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही: एका डावावर निकाल लागत नाही, दोन्ही डावांचे गुण जोडायचे. युरोपातल्या फुटबॉलवाल्यांनी हीच बेरीज थेट फायनलला लावली. एक सामना आपल्या मैदानावर, दुसरा त्यांच्या.

रीत जुनी आहे. १९२७ साली मध्य युरोपातल्या क्लबांचा मित्रोपा चषक सुरू झाला. स्पार्टा प्रागने फायनलमध्ये रॅपिड व्हिएन्नाला घरी ६-२ ने लोळवलं, व्हिएन्नात १-२ अशी हार खाल्ली आणि चषक मात्र नेला.

महिलांकडे हे यायला पाऊण शतक गेलं. युएफा महिला चषक २००१-०२ च्या हंगामात सुरू झाला. पहिली फायनल एकाच सामन्याची होती. फ्रँकफर्टने आपल्याच शहरात स्वीडनच्या उमेओला २-० ने हरवलं. पुढच्या वर्षापासून दोन सामने. त्यात उमेओने आधी डेन्मार्कच्या योरिंगला एकूण ७-१ आणि २००४ मध्ये खुद्द फ्रँकफर्टला ८-० ने धुतलं. पहिल्याच सामन्यात तीन-तीन गोलांची आघाडी मिळाल्यावर दुसऱ्यात राम कुठला?

राम होता तो २००७ मध्ये. आर्सेनलची हुकमी खेळाडू केली स्मिथ निलंबनामुळे बाहेर. समोर स्टार खेळाडू मार्टाची उमेओ, तीही स्वतःच्या मैदानावर. नव्वद मिनिटं गोल नाही. वाढीव वेळेत बचावफळीतली अलेक्स स्कॉट पुढे सरसावली आणि तिने लांबून फटका हाणला. १-० ! आठवड्याभराने बोरहॅमवूडला उमेओने हल्ल्यांवर हल्ले चढवले, पण गोलरक्षक एमा बर्नने चेंडू आत जाऊ दिला नाही. ०-० वर इंग्लंडला पहिला महिला युरोपियन चषक मिळाला.

प्रेक्षकांचं गणित मात्र निराळंच. २००९ मध्ये ड्यूसबर्गने रशियाच्या झ्वेझ्दा पेर्मला कझानमध्ये ६-० ने हरवलं होतं. निकाल लागल्यातच जमा; तरी परतीच्या सामन्याला ड्यूसबर्गात २८,११२ लोक आले. घरच्या मैदानावर चषक उंचावलेला पाहायचा होता त्यांना!

ती या स्पर्धेतली अशी शेवटची फायनल. नाव बदलून महिला चॅम्पियन्स लीग झालं आणि २०१० ची फायनल गेताफेत एकाच रात्री उरकली. पॉट्सडॅमने ल्यॉनला पेनल्टींवर हरवलं. चुरशीसाठी हेच बरं, पण घरच्या गर्दीचा हक्क गेला.

युएफाने २०२५-२६ पासून महिला युरोपा कप ही दुसरी स्पर्धा सुरू केली आहे. तिच्या नियमांत फायनल पुन्हा दोन सामन्यांची आहे.