दोन शपथांचा न्यायाधीश

मागच्या वेळी आपण स्कॉटलंडचं राष्ट्रीय प्रतिज्ञापत्र पाहिलं. ते लिहिणाऱ्या दोघांपैकी एक आर्चिबाल्ड जॉन्स्टन, म्हणजे लॉर्ड वॅरिस्टन. १६३८ च्या त्या मसुद्यात धर्मरक्षणाची आणि राजाच्या रक्षणाची, अशा दोन्ही शपथा होत्या. वकिलाची हुशारीच ती! तीन वर्षांनी चार्ल्स राजानंच त्याला न्यायाधीश केलं. पुढे यादवीत दोन्ही शपथा एकमेकींवर उलटल्या. क्रॉमवेलची चाकरी नको, असं सांगणाऱ्या याच माणसानं १६५७ मध्ये त्याच्याकडूनच मोठं पद घेतलं. पदरी मोठं कुटुंब होतं. ढोंगी म्हणायचं का? त्याची रोजनिशी वाचली की तसं म्हणवत नाही. तिथे तो सतत स्वतःवरच खटला चालवतो. दुसऱ्या चार्ल्सनं मात्र त्याला फ्रान्समधून धरून आणवलं. २२ जुलै १६६३ ला एडिनबराच्या भर चौकात फाशी झाली.