कोंडलेल्या श्वासाचा लगाम

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तेव्हा सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ इंजिनाने कसा चढावा, यापेक्षा तो गाडीने उतरावा कसा, याचीच विवंचना बांधणाऱ्यांना अधिक असावी; कारण उतरणीवर त्यांनी वरच्या अंगाला वळणारे आडफाटे बांधले, आणि गाडी पुरती थांबून ताब्यात आली आहे अशी खात्री पटल्यावाचून सांधेवाल्याने मुख्य मार्ग मोकळा करू नये, असा बंदोबस्त करून ठेवला. सडकेवरून उतरणाऱ्या ओझ्याला असा पहारेकरी मिळणे कठीण. त्याला आपला लगाम आपल्याबरोबरच वाहून न्यावा लागतो.

हा लगाम डिझेलच्या वाहनात मुळातच ढिला असतो, आणि त्याचे कारण डिझेलच्या काटकसरीतच दडलेले आहे. पेट्रोलच्या इंजिनात पाय उचलला की हवेची झडप मिटते, दट्ट्यांना पोकळीविरुद्ध ओढ घ्यावी लागते आणि गाडी आपोआप रेंगाळते. डिझेलमध्ये ती झडपच नाही. हवा मुक्तपणे आत येते, दाबली जाते आणि दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे घेतलेली बहुतेक शक्ती दट्ट्याला परत करते. इंधन वाचविणारा हा गुण उतारावर अवगुण ठरतो, व सारा भार चाकांच्या ब्रेकांवर पडून ते तापतात आणि तापले की निकामी होतात.

क्लेसी कमिन्स या अमेरिकन यंत्रज्ञाला याचा प्रत्यय १९३१ साली आला. डिझेल किती स्वस्त पडते हे लोकांना पटविण्यासाठी तो आपले इंजिन बसविलेला ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला घेऊन निघाला होता, आणि त्या साऱ्या प्रवासात इंधनाला लागले अवघे ११ डॉलर २२ सेंट. परंतु कॅलिफोर्नियातील कॅहोन घाट उतरताना ब्रेकांनी दगा दिला. पायथ्याशी सडक ओलांडणाऱ्या मालगाडीचा शेवटचा डबा पुढे सरकतो न सरकतो तोच बेफाम ट्रक रुळांवरून पार झाला. अकरा डॉलरांच्या हिशेबात प्राणांची रक्कम मांडायची राहूनच गेली होती! पुढे आपल्या इंजिनांच्या कारखान्याचा कारभार सोडल्यावर त्याने दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडून देणारा, म्हणजे स्प्रिंगची परतफेडच बुडविणारा ब्रेक सिद्ध केला, आणि ड्रिलचे चक बनविणाऱ्या जेकब्स कंपनीने तो १९६१ साली बाजारात आणला. त्याच्या कर्कश फडफडाटाला कंटाळून अमेरिकेतील कित्येक गावांनी वेशीवर मनाईच्या पाट्या लावल्या.

एक्झॉस्ट ब्रेक हा त्याचा शांत आणि साधा भाऊ. धुराड्याच्या नळीत एक पाकळी बसवायची आणि उतारावर ती मिटायची, एवढीच त्याची तजवीज. मग दट्ट्याला कोंडलेल्या वायूविरुद्ध रेटावे लागते आणि इंजिन जणू श्वास रोखून गाडीला मागे ओढते. आल्प्सच्या घाटरस्त्यांना तोंड देणाऱ्या युरोपात तर असल्या ब्रेकाचा विचार कायद्यापर्यंत पोहोचला: जर्मनीत जड वाहनाच्या, पायाच्या व हाताच्या ब्रेकांखेरीज असणाऱ्या, तिसऱ्या ब्रेकाने शेकडा ७ च्या उतारावर सहा किलोमीटरपर्यंत गाडी ताशी ३० किलोमीटरवर धरून ठेवली पाहिजे, असा दंडक आहे.

मागे ट्रेलर जोडलेला असला की मात्र या लगामाची मर्यादा ध्यानी येते. तो धरतो ती केवळ ओढणाऱ्या गाडीची चालती चाके. मागचे ओझे आपल्या वेगाने ढकलतच राहते, आणि रस्ता ओला वा निसरडा असेल तर जोडावर वळून चाकूच्या पात्यासारखे पुढच्या गाडीवर मिटू पाहते. म्हणून ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक शाबूत हवेत, आणि खालचा गिअर घाटमाथ्यावरच घातलेला हवा. इंजिनाचे फेरे कमी असले तर ही पाकळी जवळजवळ निरुपयोगीच. ज्या गिअरने घाट चढावा त्यानेच तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दस्तूर यंत्रशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाइतकाच प्रमाण आहे.

कमिन्सच्या नावाची इंजिने पुढे पुण्यातही होऊ लागली. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली तेथे स्थापन झाली. आणि तेथून जवळच, खंडाळ्याच्या माथ्यावर, चार पैशांचे डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणारे महाभाग आजही आढळतात.