मालिश : हाताचा गुण, माणसाचा शब्द आणि आकडा

मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापक तर नव्हेच. माझी शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या वस्तीत. तेव्हा मालिशीच्या अभ्यासाचा इतिहास मी सांगावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, विडी कामगार भगिनींत वावरताना हा विषय माझ्याकडे आपण होऊन चालत आला.

मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळणारी बाई रात्री शेजारणीकडून पाठ चोळून घेते. दुसऱ्या दिवशी शेजारणीची पाळी. मजुरी ठरते ती हजार विड्यांवर. विडी मोजली जाते, पाठ मोजली जात नाही. काही वर्षांपूर्वी या दुखण्याची तक्रार घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "बायका दुखतंय म्हणतात, ठीक आहे, पण आकडा कुठे आहे?" मला राग आला. घरी येऊन शांतपणे विचार केला, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे हे कबूल करावे लागले. उरलेले अर्धे कोणते, ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो.

मालिश फार जुनी. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले. तालमीत आणि बाळंतिणीच्या खोलीत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मात्र सारा भरवसा हाताच्या गुणावर. इंग्लंडमध्ये १८९४ साली मालिशीच्या नावाखाली अनीतीचे धंदे चालतात अशी मोठी ओरड झाली. तेव्हा लंडनमधील चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली, नियम केले, परीक्षा ठेवल्या. तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची संस्था त्यातूनच वाढली. संघटनेने व्यवसायाला अब्रू मिळवून दिली. पुरावा मात्र अजून मिळायचा होता.

तो पुरावा आकड्यांनी द्यायला सुरुवात केली. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या ४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या बाळांचे अंग दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटे चोळले. त्यांचे वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. आपल्या मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ साली असाच अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळांना खोबरेल, काहींना खनिज तेल, तर काहींना नुसती पावडर लावून मालिश केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलाच्या गटाचे वजन अधिक वेगाने वाढले. आपल्या आज्या हेच सांगत होत्या. आता त्याला तराजूची साक्ष मिळाली.

परंतु तराजू किती बोलणार? त्या अभ्यासात रुग्णालयातून गेल्यावर मालिश आईने करायची होती. घरी आईला सवड कोण देते, तेलाचा खर्च परवडतो का, सासूबाईंचा हात कसा चालतो, हे वजनकाट्यावर कळत नाही. त्यासाठी आईजवळ बसून तिला विचारावे लागते.

मोठ्या माणसाच्या दुखण्यात अडचण आणखी वाढते, कारण वेदनेला वजन नाही. १९७५ साली कॅनडाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. रोगी वेदनेसाठी जे शब्द वापरतात त्यांतले ७८ शब्द घेऊन त्यांनी २० गट केले आणि त्यांना गुण दिले. माणसाच्या शब्दातूनच आकडा निघाला. आपल्या भाषेत ठणका, कळ, चमक, उसण, मुंग्या हे काय एकच आहेत?

२०११ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रोग्यांचा अभ्यास झाला. दोन गटांना दोन प्रकारची मालिश आठवड्यातून एकदा, दहा आठवडे दिली. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. मालिशीच्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा अधिक आराम पडला, पण दोन प्रकारांत फरक असा दिसला नाही. मग गुण कशाचा? दाबण्याचा, स्पर्शाचा, की आठवड्यातून तासभर कोणी आपली काळजी घेतली त्याचा? औषधाच्या परीक्षेत खरी आणि खोटी गोळी सारखीच दिसते. अंग चोळले की नाही, हे मात्र रोग्याला कळतेच. म्हणून येथे आकड्यापाशी थांबता येत नाही, रोग्याचे म्हणणे ऐकावे लागते. उलट नुसते ऐकून भागत नाही. एकाचा अनुभव सगळ्यांचा आहे की नाही, ते मोजल्यावाचून ठरत नाही.

ही दुहेरी रीत शिकायला लांब जाण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आपल्या जामखेडला काम सुरू केले. १९७१ मध्ये तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. हा झाला आकडा. पण लोकांना विचारले, तेव्हा त्यांनी दवाखान्याआधी पाणी आणि अन्न मागितले. आकड्याने दुःख किती ते सांगितले, शब्दाने ते कशाचे ते सांगितले. गावाने निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर अशा बायका आरोग्यसेविका झाल्या. घरोघरी विचारपूस त्यांनीच केली, जन्ममृत्यूची खबरही त्यांनीच ठेवली. शतक संपताना तो आकडा तिसाच्या खाली आला होता.

आम्हीही मग वस्तीत बसलो. १९८७ साली उत्तर युरोपातील तज्ज्ञांनी कामगारांच्या दुखण्यासाठी एक प्रश्नावली केली. तीत शरीराची आकृती काढून नऊ भाग पाडले आहेत. तशी आकृती कागदावर काढून प्रत्येकीला खूण करायला सांगितले, आणि खाली तिचा शब्द जसाच्या तसा लिहिला. मालिशीने किती वेळ बरे वाटते, तेही विचारले. एक वृद्ध भगिनी म्हणाली, "चोळलं की झोप लागते बाबा, पण सकाळी सूप तिथंच असतं."

या वाक्याला कोणता गुण द्यावा? तरी त्याच्यावाचून आमचा तक्ता अपुरा राहिला असता. मालिश दुखणे हलके करते. दुखण्याचे कारण ती हटवीत नाही. बसायची जागा, विसावा आणि मजुरीचा दर यांची मागणी त्या कागदात आम्ही घातली. साहेबांनी या खेपेस कागद ठेवून घेतला. मागणी अजून मान्य झालेली नाही. पण आकडा कुठे आहे, हा प्रश्न आता आम्हाला कोणी विचारीत नाही.