राजाबाईचं घड्याळ

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयात आम्ही परीक्षेचा अभ्यास करायचो, तेव्हा डोक्यावर राजाबाई टॉवरचे टोल पडायचे. ही राजाबाई कोण, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. पुढे कळलं, ती प्रेमचंद रायचंद यांची आई. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत, १८६४ साली, प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला नाव मात्र आईचं. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. इमारत पुरी झाली १८७८मध्ये. बाजारातलं गेलं, विद्यार्थ्यांना दिलेलं अजून उभं आहे.